बीआयएम मॉडेल आणि जीएफसी ड्रॉइंगमध्ये फरक निघाला तर पैसे कोणी भरायचे?

तुम्ही लिहिलंय की पाथर्डी फाट्याजवळच्या बिल्डिंगची वर्क ऑर्डर हातात आलीय, आर्किटेक्ट जीएफसी ड्रॉइंगसोबत (म्हणजे 'गुड फॉर कन्स्ट्रक्शन', बांधकामासाठी पक्की करून दिलेली) रेव्हिट सॉफ्टवेअरचं बीआयएम मॉडेलही (बिल्डिंगचं माहितीसकट थ्री-डी मॉडेल) देणार आहेत, आणि दोन्ही जुळले नाहीत तर भुर्दंड कोणाला. आहे तशी सही केलीत तर तुम्हालाच. मी नाशिकमध्ये कॉन्ट्रॅक्टर लोकांचं बिलिंग आणि करार बघतो, हे भांडण आता वारंवार येतं.

मॉडेलवर 'फक्त माहितीसाठी' असं लिहिलेलं असतं, पण साइट मीटिंगला सगळे तेच उघडून बसतात. गंगापूर रोडच्या एका साइटवर मॉडेलमध्ये ड्रेनेजच्या पाइपसाठी बीममधून १५० एमएमची स्लीव्ह (पाइप जायला आधीच ठेवलेली जागा) होती, स्ट्रक्चरल जीएफसीत नव्हती. सेंट्रिंगवाल्यांनी जीएफसी बघून बीम भरला, प्लंबर मॉडेल बघून आला, मग कोअर कटिंग (तयार काँक्रीटला भोक पाडणं), त्यासाठी आरसीसी कन्सल्टंटची परवानगी, बीमला जॅकेटिंग (मजबुतीसाठी बाहेरून थर), आणि एक्स्ट्रा आयटम (जादा कामाचं बिल) लावला तर उत्तर आलं की मॉडेल तुमच्याकडे होतं ना, बघायचं होतं. करारात याबद्दल एक ओळ नव्हती. आपला काँट्रॅक्ट अ‍ॅक्ट १८७२ चा, त्यात मॉडेल वगैरे काही नाही, तुम्ही जे लिहून घ्याल तेच धरलं जाणार.

म्हणून पहिलं हे लिहून घ्या की फरक निघाला तर आधी मंजूर प्लॅन धरायचा, मग जीएफसी, मग मॉडेल. महापालिकेची मंजुरी टू-डी प्लॅनवरच मिळते, त्यामुळे मॉडेल त्याच्या वर जाऊच शकत नाही. फरक दिसला की तुम्ही लेखी कळवायचं, त्यांनी ठरलेल्या दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, आणि उत्तर उशिरा आलं तर तेवढी मुदतवाढ, हेही त्याच क्लॉजमध्ये. नुसतं 'आयएसओ १९६५० प्रमाणे' लिहून भागत नाही, ते स्टँडर्ड माहिती कशी सांभाळायची ते सांगतं, नुकसान कोणी भरायचं ते नाही.

मोजमापाकडे तर कोणी बघतच नाही आणि पैसे तिथेच जातात. आयएस १२०० (बांधकाम कसं मोजायचं त्याचं भारतीय स्टँडर्ड) प्रमाणे प्लास्टरमध्ये ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या ओपनिंगची वजावट होत नाही, म्हणजे ६०० बाय ६०० चं टॉयलेटचं व्हेंटिलेटर वजा होणार नाही. मॉडेल मात्र प्रत्येक भोक वजा करतं. बीओक्यूचे (कामांच्या आणि क्वांटिटीच्या यादीचे) रेट आयएस १२०० धरून आणि आरए बिल (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणारं बिल) मॉडेलच्या क्वांटिटीवर, असं झालं तर दर मजल्याला थोडं थोडं जात राहतं. बिल कशाने मोजायचं ते एका वाक्यात लिहून घ्या.

मॉडेलचा कॉपीराइट आर्किटेक्टकडे राहिला तरी चालेल, पण वापरायचं लायसन्स लेखी हवं आणि मुदतीसकट. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात. आता बघा, रेरात स्ट्रक्चरल डिफेक्टची जबाबदारी ताबा दिल्यापासून ५ वर्षं आहे, ती बिल्डरवर असते पण बहुतेक वर्क ऑर्डरमध्ये ती तुमच्यावर ढकललेली असते. बांधकामालाच दोन-तीन वर्षं जातात, म्हणजे जबाबदारी चालू असताना मॉडेल वापरायचा हक्क संपलेला. त्यामुळे मुदत डिफेक्ट लायबिलिटी संपेपर्यंतची टाका.

मॉडेल क्लाउडवर असेल तर पासवर्ड कोणाच्या हातात ते पण बघा. २०१७ मध्ये इंग्लंडच्या कोर्टात ट्रँट विरुद्ध मॉट मॅकडोनाल्ड हा वाद गेला होता, फॉकलंड बेटांवरच्या पॉवर स्टेशनचं काम, फीवरून वाजलं आणि डिझायनरने प्रोजेक्टवाइजचा (प्रोजेक्टच्या फाइल ऑनलाइन ठेवायच्या सॉफ्टवेअरचा) अ‍ॅक्सेस बंद केला. कोर्टाने तो परत चालू करायला लावला, पण कॉन्ट्रॅक्टरला आधी कोर्टात मोठी रक्कम भरावी लागली. एवढं कोर्ट करण्यापेक्षा 'पेमेंटचा वाद असला तरी अ‍ॅक्सेस बंद करायचा नाही' ही ओळ खूप स्वस्त पडते.

आणि दर रिव्हिजनला फाइलची कॉपी स्वतःकडे ठेवा, ईमेलने आलेली, तारखेसकट. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्याच्या कलम ६३ च्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीच्या सर्टिफिकेटमध्ये फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) द्यावी लागते, ती फाइल आली त्याच दिवशी काढून ठेवलेली बरी. क्लाउडवरची फाइल रोज बदलते, स्लॅब भरला त्या दिवशी मॉडेल कसं होतं ते नंतर दाखवता येत नाही.

ड्रॉइंग आणि मॉडेलबद्दल वर्क ऑर्डरमध्ये जो क्लॉज आहे तो नावं काढून इथे टाइप करा, कुठे काय बदलायचं ते वाचून सांगतो, पण सही त्यानंतरच करा.