वाचक विचारतात: खड्डा न खणता बांबूची कमान

प्रश्न: जुन्या स्काउट शिबिरस्थळावर चिंतन दिनानिमित्त (स्काउट-गाईड 22 फेब्रुवारीला पाळतात तो दिवस) आनंदमेळा आहे. आमच्या सोसायटीतली मुलं प्रवेशाची कमान बांधणार आहेत, पण तिथे खड्डे खणायला मनाई आहे. कमान टिकेल का? दोरी किती आणायची?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: मनाई योग्यच आहे. अशा मैदानात झाडांची मुळं वरवरच असतात. शेकोटीभोवतीचे दगडही हलवू नका आणि झाडाला खिळा ठोकू नका.

कमानीसाठी दोन तिपाया उभ्या करा आणि वरच्या बेचक्यांत आडवा बांबू ठेवा. एका तिपाईला दहा फुटी, दोन इंच जाडीचे तीन बांबू लागतात. ते शेजारी-शेजारी ठेवून वरून दीड फुटावर दोरी एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून अशी सहा वेळा विणा. मग दोन्ही फटींत दोन-दोन आवळफेरे, म्हणजे बांबूंच्या मधून आधीच्या दोरीवरच घेतलेले, बंध आवळणारे फेरे. विणताना दोरी फार ताणली, तर पाय फाकतच नाहीत. ते एकमेकांपासून पाच फुटांवर ठेवून तळाशी तीन आडव्या काठ्यांनी जोडा. बहुतेक जण नेमकं हेच टाळतात आणि मग कडक जमिनीवर पाय घसरतात.

आडव्या काठ्यांना स्क्वेअर लॅशिंग, म्हणजे एकमेकांवर आडव्या येणाऱ्या दोन बांबूंचा बंध: उभ्या बांबूवर, काठीच्या खाली क्लोव्ह हिच (दोन वेढ्यांची खुंटगाठ), तीन फेरे, दोन बांबूंच्या मधून दोन आवळफेरे, शेवटी पुन्हा क्लोव्ह हिच. प्रत्येक फेरा तेव्हाचा तेव्हाच ओढायचा; शेवटी एकदम ओढून भागत नाही. बांबू गुळगुळीत असतो, म्हणून बंध पेराच्या गाठीला टेकवूनच घ्या.

दोरीचा ठोकताळा सोपा आहे: दोन्ही बांबूंच्या जाडीची बेरीज जितके इंच, तितके वार. म्हणजे एका बंधाला चार वार, जवळपास पावणेचार मीटर. तळाचे 12 आणि वरचे 2 बंध, शिवाय तिपायांना पाच-पाच मीटर. हे साधारण 62 मीटर होतात; थोडी जास्तीची धरून 75 मीटर आणा. पेन्सिलीइतकी जाड तागाची दोरी घ्या. नायलॉन बांबूवरून सरकतो. तागाची दोरी ओली असताना आखडते, वाळली की सैल पडते. पहाटेच्या दवात बांधलेली कमान अकराच्या उन्हात एकदा तपासाच.

तिपाईच्या मधोमध 15-20 किलो वाळूची गोणी टांगा. कापडी फलक मात्र नको, त्यात वारा भरतो. झेंडूचं तोरण पुरेसं आहे.

प्रश्न: झेंडा वर गेला, पण झटका दिल्यावर उघडलाच नाही. का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: गुंडाळीत दोरीचं टोक खोचलं असणार. टोक नाही, दोरीची दुमडलेली घडी खोचायची, आणि तीही एकाच वेढ्याखाली. झेंडा वर चढवण्याआधी जमिनीवर दोनदा झटका देऊन बघा.