सूक्ष्मदर्शकात जंतू दिसतात, मग कल्चरच्या रिपोर्टला तीन दिवस कशाला?

तुम्ही विचारलंय की लघवी कल्चरला, म्हणजे त्यातला जंतू वाढवून ओळखायला, दिल्यावर रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस का लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसत असतील तर कोणता आहे ते लगेच का सांगत नाहीत.

दिसतात, पण ओळखू येत नाहीत. मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये रोज प्लेट, म्हणजे जंतू वाढवायच्या चपट्या बशा, वाचणं हेच माझं काम. तरी स्लाइडवर लालसर काडी दिसली तर ती ई. कोलायची, क्लेबसिएलाची की टायफॉइडच्या साल्मोनेलाची, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. तिघेही ग्राम निगेटिव्ह, म्हणजे ग्राम स्टेन या रंगवण्याच्या पद्धतीत लाल दिसणारे, आणि तिघेही काडीसारखे. क्लेबसिएला थोडा जाडसर दिसतो म्हणतात, पण तेवढ्यावर रिपोर्टवर सही कोण करेल?

स्लाइड निरुपयोगी आहे असं मात्र नाही. ग्राम स्टेनमध्ये आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोल आणि शेवटी लाल सॅफ्रानिन. ज्यांची भिंत जाड ते जांभळा रंग धरून ठेवतात, पातळ भिंतीवाल्यांचा धुऊन जातो आणि ते लाल होतात. सगळी गोम अल्कोहोलच्या पायरीत आहे. काही सेकंद जास्त झाले की जांभळेही लाल दिसायला लागतात. शिकत असताना मी चक्क जांभळा दिसायला हवा तो स्टॅफिलोकोकस ‘ग्राम निगेटिव्ह’ म्हणून वहीत लिहिला होता. सरांनी वही न बोलता परत केली, ते जास्त लागलं. हान्स ख्रिस्तियन ग्रामने 1884 मध्ये ही पद्धत छापली तेव्हा ती अजून सदोष आहे असं त्यानेच म्हटलं होतं. आज तिच्याशिवाय आमचं पान हलत नाही.

कधीकधी स्लाइडवरच निम्मं काम होतं. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात पू-पेशींच्या आत लाल जोडगोळ्या दिसल्या तर मेनिंगोकोकसचा, म्हणजे मेंदूज्वराच्या एका जंतूचा, संशय इतका पक्का असतो की आम्ही कल्चरची वाट न बघता डॉक्टरांना फोन लावतो. लघवीचं तसं नसतं.

म्हणून जंतू वाढवावा लागतो. लघवीत बारीक तारेचा लूप बुडवायचा, त्यावर एक मायक्रोलिटर येतं, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. ते प्लेटवर रेघा मारून पसरायचं आणि प्लेट रात्रभर 37 अंशांवर इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. ई. कोलाय अनुकूल वातावरणात वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे एका पेशीच्या दहा लाख व्हायला सात तासही लागत नाहीत. तरी नुसत्या डोळ्यांना ठसठशीत कॉलनी दिसायला रात्र जावी लागते. याच हिशेबाने क्षयाचा जंतू बघा: त्याला एकदा दुप्पट व्हायला पंधरा ते वीस तास लागतात, म्हणून त्याचं कल्चर आठवडेच्या आठवडे चालतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट उघडते तेव्हा खरी ओळख सुरू होते. हा जंतू काय खातो, काय सोडतो, कसा पसरतो, हे आता बघता येतं. मॅकॉन्की प्लेटवर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवणारा असेल तर आम्ल तयार होऊन कॉलनी गुलाबी होते. ई. कोलाय आणि क्लेबसिएला गुलाबी, साल्मोनेला रंगहीन. प्रोटियस एका जागी बसतच नाही, ब्लड अगारवर, म्हणजे रक्त मिसळलेल्या प्लेटवर, लाटांसारखा पसरतो आणि शेजारच्या कॉलन्या गिळून टाकतो. प्लेटचा वास घेऊ नये हा नियम आहे, पण प्रोटियसचा माशांसारखा वास झाकण उचलताच स्वतःहून येतो, त्याला काय करणार?

मग छोट्या चाचण्या. स्लाइडवर जांभळ्या गोळ्या दिसलेल्या जंतूच्या कॉलनीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला आणि फसफसून बुडबुडे आले तर स्टॅफिलोकोकस, नाही आले तर स्ट्रेप्टोकोकसच्या बाजूचा. सोपं वाटतं ना? पण ब्लड अगारवरून कॉलनी उचलताना खालचं रक्त सोबत आलं तर बुडबुडे रक्तपेशींमुळेही येतात. स्टॅफिलोकोकसमध्ये ऑरियस ओळखायला सशाच्या प्लाझ्मात त्याची गुठळी होते का ते बघतात. ती नळी चार तासांनी बघावीच लागते, कारण काही ऑरियस स्वतः केलेली गुठळी नंतर स्वतःच विरघळवतात. रात्रभर ठेवून थेट सकाळी बघितली तर पातळ प्लाझ्मा बघून चुकीचं नाव जाईल.

यापुढचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो: सापडला तो जंतू दोषी आहे का? लूपमधल्या त्या एका मायक्रोलिटरमधून शंभर कॉलन्या एकाच प्रकारच्या आल्या तर मिलिलिटरला एक लाख जंतू झाले, आणि त्रासही असेल तर संसर्ग धरायला हरकत नाही. पण तीन-चार प्रकारचे जंतू मिसळून आले तर बहुतेक वेळा सॅम्पल घेताना त्वचेवरचे आत गेलेले असतात, आणि आम्ही पुन्हा सॅम्पल मागतो. लोक चिडतात. रक्ताच्या एकाच बाटलीत त्वचेवर राहणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस आला तरी हाच पेच पडतो.

उलटही होतं. ‘नो ग्रोथ’ म्हणजे संसर्ग नाहीच, असं नव्हे. कुष्ठरोगाचा जंतू आजवर कुठल्याच कृत्रिम माध्यमावर वाढलेला नाही. आणि पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन जठरातल्या वाकड्या जंतूच्या मागे होते तेव्हा लॅबमध्ये प्लेट दोन दिवसांनी टाकून दिल्या जात. 1982 च्या ईस्टरच्या सुटीत त्या इन्क्युबेटरमध्येच राहिल्या आणि पाचव्या दिवशी कॉलन्या दिसल्या. तो हेलिकोबॅक्टर पायलोरी, अल्सरमागचा मोठा गुन्हेगार. 2005 चं नोबेल त्यावरच मिळालं.

तुमचा तिसरा दिवस जातो तो सेन्सिटिव्हिटीत, म्हणजे कोणतं औषध चालेल ते तपासण्यात. शुद्ध कॉलनीचा थर नव्या प्लेटवर देऊन औषधांच्या चकत्या ठेवायच्या, सोळा-अठरा तासांनी चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. हल्ली मॅल्डी-टॉफ यंत्र कॉलनीतून मिनिटांत नाव सांगतं, पण बहुतेकदा त्यालाही आधी वाढलेली कॉलनी लागते, आणि कोणतं औषध चालेल ते त्या नावावरून कळत नाही.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. सॅम्पल अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी द्या. आधीच गोळी घेतली असेल तर तसं लॅबला सांगा. आणि सुरुवातीची धार सोडून मधली लघवी घेऊन दोन तासांत पोचवा, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. खोलीच्या तापमानाला राहिली तर बाटलीतच जंतू वाढतात आणि माझा शंभर कॉलन्यांचा हिशेब कोलमडतो. रिपोर्टची घाई असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबला फोन करून विचारा. नाव पक्कं नसलं तरी काय वाढतंय आणि किती, एवढं तोवर बहुतेक वेळा कळलेलं असतं.