नमुना तुझा, सुया दुसऱ्याच्या

प्रश्न : मी गणित घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते आहे. दोन-तीन रंगांची लोकर घेऊन स्वतःच्या कल्पनेतले नक्षीचे नमुने विणते. आधी आलेख कागदावर चौकोन रंगवते, मग सुयांवर घेते. मैत्रिणींना दिलेला माझा एक आलेख कुणीतरी स्वतःच्या नावावर खपवला. तेव्हापासून नवीन काही दाखवायची भीती वाटते. शिक्षण सोडून पूर्णवेळ हेच करावं असंही मनात येतं. वडील म्हणतात, छंद म्हणून ठीक आहे, पण पोट भरणार आहे का त्यावर? सोबत स्वेटरचा आलेख आणि तुकड्याचा फोटो पाठवते आहे. काय करू?

उत्तर : शिक्षण सोडू नकोस. हे मी वडिलांची बाजू घेऊन सांगत नाही, तुझा आलेख पाहून सांगते आहे. त्यात जिथे जिथे अडलं आहे, तिथे गणितच कामी येणार आहे. नक्षी तुला सुचते, त्याबद्दल वाद नाही. पण नक्षी सुचणं वेगळं आणि कधीही न भेटलेल्या माणसाला ती त्याच्या मापात विणता येईल असा नमुना लिहिणं वेगळं. पैसे मिळतात ते या दुसऱ्या कामाचे.

आता आलेखाकडे येऊ. वेल, पानं, मध्ये गोल फुलं, ३० टाक्यांचा रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा. देखणा आहे. १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसतात असं तू लिहिलं आहेस, म्हणजे एक रिपीट १२.५ सेंटिमीटरचा झाला. गोल सुईवर विणलेल्या स्वेटरात रिपीट मध्येच तोडता येत नाही. सात रिपीट घेतले तर छातीचा घेर ८७.५ सेंटिमीटर, आठ घेतले तर १००, नऊ घेतले तर ११२.५. मग ज्याला ९४ चा घेर हवा त्यानं काय करायचं? हा प्रश्न तुला पडला नाही, कारण तू स्वतःच्या मापाचं विणलंस. नमुना विकत घेणारा मात्र पहिल्यांदा हेच बघणार.

उपाय तीन आहेत. रिपीट १२ टाक्यांवर आणलास तर मापं पाच-पाच सेंटिमीटरने वाढवता येतील. (घरगुती पंचकार्ड यंत्रात, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डावरून नक्षी विणणाऱ्या यंत्रात, २४ टाक्यांचं कार्ड असतं. २४ ला २, ३, ४, ६, ८ आणि १२ या सगळ्यांनी भाग जातो, हे तुला मी सांगायला नको.) किंवा वेल आहे तशी ठेव आणि दोन्ही काखांखाली बारीक ठिपक्यांची एकेक पट्टी घाल. घेर कमी-जास्त करायचा तो त्या पट्टीत. किंवा आठ रिपीटचे तेच २४० टाके जरा बारीक सुईवर घे. १० सेंटिमीटरला २४ ऐवजी साडेपंचवीस टाके बसले की घेर ९४ वर येतो. पण मग ओळींची उंचीही बदलते, म्हणजे बाही आणि अंगाची लांबी नव्याने मोजावी लागते. मला स्वतःला पट्टीचा उपाय आवडतो, कारण त्यात नक्षीला हात लागत नाही.

पुढे कधी आइसलँडच्या लोपापेयसा स्वेटरसारखं गोल योक, म्हणजे गळ्या-खांद्यांभोवतीचा सलग गोल भाग, करायला घेशील तेव्हा खरी मजा आहे. गळ्याकडे जाताना टाके कमी होत जातात आणि खाली १२ टाक्यांत बसलेली नक्षी वर सहा-सात टाक्यांत बसवावी लागते. टाके कुठल्या ओळीत घटवायचे आणि पान मोडणार नाही असे कुठे लपवायचे, ते प्रत्येक मापासाठी वेगळं. असं कोडं तुला रविवारी दुपारी सोडवावंसं वाटतं का? वाटत असेल तर तू या धंद्यातली आहेस.

फोटोत तुझी फुलं बसकी का दिसतात, तेही याच गणितात आहे. सुलट टाका चौकोनी नसतो, उंचीपेक्षा रुंद असतो. एकरंगी विणीत १० सेंटिमीटरमध्ये २० टाके आणि २८ ओळी हे प्रमाण नेहमीचं. कागदावर २० बाय २० चा चौकोन काढलास तर विणल्यावर तो १० सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम ७ सेंटिमीटर उंच होतो. दोन रंग एकत्र चालवले की टाका चौकोनाच्या जवळ येतो, पण किती जवळ ते ज्याच्या-त्याच्या हातावर आहे. म्हणून आधी तुकडा विण, धू, वाळव, मग मोज आणि त्या प्रमाणातले आडवे चौकोन आखून नक्षी पुन्हा काढ. स्वेटर गोल विणणार असशील तर तुकडाही गोलच विण. सपाट तुकड्यातल्या उलट ओळीला पुष्कळांचा हात सैल किंवा घट्ट पडतो आणि माप फसतं.

अजून एक. सतराव्या ओळीत पानापासून पुढच्या पानापर्यंत सलग १३ टाके नुसत्या पार्श्वभूमीचे आहेत. तेवढा वेळ हिरवा धागा आतून मोकळा जाणार, जवळजवळ साडेपाच सेंटिमीटर. बाहीत हात घालताना बोट नेमकं त्यातच अडकेल. दर चार-पाच टाक्यांनी धागा मागे अडकवून घ्यायची सूचना लिही किंवा त्या मोकळ्या जागेत एखादा ठिपका टाक. स्कॉटलंडमधल्या शेटलंड बेटांवरच्या फेअर आयल विणीत एका ओळीत दोनच रंग आणि नक्षी बारीक असते, त्यामुळे मागचे धागे आपोआप आखूड राहतात. तिथल्या जुन्या नमुन्यांची मागची बाजू बघायला मिळाली तर पुढच्या बाजूइतकीच निरखून बघ.

रंगांबद्दल थोडक्यात. तुझा मरून आणि बाटली-हिरवा वेगळे दिसतात ते फक्त लोकरीच्या गुंड्यात. फोनवर त्यांचा काळा-पांढरा फोटो काढ, दोन्ही एकच करडे दिसतील. विणल्यावर लांबून तसंच दिसणार. आणि दोन धाग्यांपैकी जो खालून येतो तो पुढे जास्त उठून दिसतो, तेव्हा नक्षीचा धागा खालून चालवायचा हे नमुन्यात स्पष्ट लिही. मध्येच अदलाबदल झाली तर तीच वेल अर्धी ठसठशीत आणि अर्धी फिकी दिसते.

इतकं झालं की नमुना वेगवेगळ्या मापांच्या चार-पाच जणींना विणायला दे. त्यांतली निदान एक तरी तुला न ओळखणारी हवी. विणताना शेजारी बसू नकोस आणि फोनवर समजावूनही सांगू नकोस. ‘आलेख उजवीकडून वाचायचा का?’, ‘इथे माझे चार टाके जास्त का आले?’ असा प्रत्येक प्रश्न म्हणजे नमुन्यातलं एक भोक. दर टप्प्याच्या शेवटी सुईवर किती टाके हवेत ते लिहिलंस तर निम्मे प्रश्न येणारच नाहीत.

वडिलांच्या प्रश्नाचं एक उत्तर इथेच आहे. नमुने प्रसिद्ध होण्याआधी ते तपासून देणारी माणसं असतात, त्यांना टेक्निकल एडिटर म्हणतात. टाक्यांचे हिशेब, मापांची कोष्टकं, आलेख आणि मजकूर जुळतो की नाही, एवढं सगळं ती बघतात आणि त्याचे पैसे घेतात. विणता येणारी, गणित पक्कं असलेली आणि चुका शोधायचा कंटाळा नसलेली व्यक्ती या कामाला हवी असते. स्वतःचे नमुने विकून येणारं उत्पन्न एका महिन्यात येतं, दुसऱ्यात येत नाही. हे काम त्या मानाने नियमित आहे आणि शिकता शिकता करता येतं. माझ्या मते तू सुरुवात इथूनच कर. दुसऱ्यांच्या चुका तपासताना स्वतःचा हात सुधारतो तो वेगळाच.

तयार स्वेटर विकायच्या फंदात मात्र पडू नकोस. स्वीडनमध्ये एम्मा याकोबसन यांनी १९३९ मध्ये बोहुस स्टिकनिंग हे हातविणीचं केंद्र सुरू केलं ते दगडखाणीतल्या बेकार कामगारांच्या घरी चार पैसे जावेत म्हणून. त्यांचे रंग आजही अभ्यासले जातात, पण १९६९ मध्ये ते बंद झालं. हाताने विणलेल्या स्वेटरात जितके तास जातात तितक्यांचा मोबदला गिऱ्हाइकाकडून वसूल होणं फार कठीण. नमुना एकदा नीट लिहिला की पुन्हा पुन्हा विकता येतो. रॅव्हलरी या विणकामाच्या संकेतस्थळासारख्या ठिकाणी २००७ पासून विणणाऱ्यांना नमुने एका जागी सापडतात आणि एकटी व्यक्तीही तिथे स्वतःची पीडीएफ विकू शकते.

आता चोरीचं. तू काढलेला आलेख, लिहिलेल्या सूचना आणि काढलेले फोटो यांवर तुझा हक्क आहे. कॉपीराइटचा १८८६ चा आंतरराष्ट्रीय बर्न करार मानणाऱ्या देशांत तो निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणीची अट नाही. पण दोन रंग एकत्र विणण्याच्या पद्धतीवर कुणाचाच हक्क नाही आणि आठ पाकळ्यांच्या ताऱ्यावरही नाही. नॉर्वेच्या सेल्बू गावात मारित गुल्डसेथ हिने १८५७ मध्ये तो तारा हातमोज्यांवर विणला आणि पुढे गावाचा धंदाच त्यावर उभा राहिला, पण तारा त्याआधीही होताच. तेव्हा तुझ्या वेलीसारखी वेल कुणी काढली तर ती चोरी नव्हे. तुझाच आलेख, चौकोनाला चौकोन तसाच, दुसऱ्या नावाने फिरला तर चोरी. आलेखाच्या प्रत्येक पानावर नाव आणि वर्ष टाक, कच्चे आलेख आणि तुकड्यांचे फोटो तारखेसह जपून ठेव. पुन्हा असं झालं तर आधी पुराव्यासह सरळ निरोप पाठव. ऐकलं नाही तर जिथे तो आलेख टाकला आहे त्या संकेतस्थळाकडे तक्रार कर.

भीतीपोटी सगळं कपाटात ठेवलंस तर तुझं नाव तरी कुणाला कळणार? एका टोपीचा नमुना फुकट दे. लोकर कमी लागते, लवकर विणून होते आणि तुझी लिहिण्याची पद्धत लोकांना कळते. स्वेटरचा नमुना विकायला ठेव. फुकट देतानाही अटी लिही : माझं नाव काढायचं नाही, नमुना विकायचा नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे ठरावीक अटींवर कुणालाही वापरू देणारा तयार परवाना लावणार असशील तर आधी पूर्ण वाच, कारण एकदा दिलेली ती परवानगी मागे घेता येत नाही.

पदवीनंतर निटवेअर डिझाइनला जायचं की नाही, ते शेवटच्या वर्षात ठरव. तिथे प्रवेशाला कामाचे नमुने बघतात, आणि बिघडलेले तुकडे व त्यांखाली काय बदललं याची टिपणं हीच त्यातली वजनदार पानं असतात. फेकू नकोस. कारखान्यांत शिमा सेइकी किंवा श्टोल या कंपन्यांची संगणकावर चालणारी यंत्रं असतात आणि त्यांच्यासाठी नक्षीचा प्रोग्रॅम लिहिणं हीसुद्धा नोकरी आहे. सुयांची सवय आणि गणित दोन्ही असलेल्याला ती लवकर जमते.

वडिलांना आत्ता पगाराचा आकडा सांगता येणार नाही, उगाच सांगूही नकोस. या परीक्षेनंतरच्या सुट्टीत टोपीचा नमुना लिहून पाच जणींकडून विणून घे. मग पाचही टोप्या आणि त्या पाच जणींनी विचारलेल्या प्रश्नांची यादी वडिलांपुढे ठेव. यादी लांबलचक निघाली तर स्वेटरला हात लावण्याआधी टोपीच पुन्हा लिहून काढ.