टॉम अँड जेरीमध्ये नुसती हाणामारीच असते का? मुलांना एकच एपिसोड दाखवायचा तर कुठला दाखवाल?

हाणामारी असतेच, ती नाकारण्यात काही अर्थ नाही. पण एकच दाखवायचा असेल तर डोळे झाकून 'द कॅट कॉन्सर्टो' दाखवा, १९४७ चा आहे, आठ मिनिटंसुद्धा नाहीत पूर्ण. एमजीएम स्टुडिओत विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने केलेला, आणि ऑस्कर मिळालेला.

गोष्ट एवढीशी आहे. टॉम मोठा पियानोवादक, काळा कोट घालून ऐटीत स्टेजवर येतो, वाकून नमस्कार करतो आणि फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची 'हंगेरियन ऱ्हॅप्सडी नंबर २' ही पियानोची रचना वाजवायला बसतो. जेरी पियानोच्या आत, तारांवर आपटणाऱ्या त्या हातोड्यांवर गाढ झोपलेला. पट्टी दाबली की हातोडी उडते आणि त्याच्यासोबत हा पण उडतो, झोपमोड झाली की पुढचं सगळं तुम्हाला माहीतच आहे.

पण खरी गंमत इथे आहे की टॉमला थांबता येत नाही! घरात असता तर झाडू घेऊन मागे धावला असता, इथे समोर लोक बसलेत आणि वाजवणं चालू ठेवायचंय. म्हणजे भांडण करायचं ते पण तालात. एका जागी जेरी कात्री घेऊन टपून बसतो, टॉमचं बोट एका पट्टीवर सारखं सारखं येत असतं आणि हा दर वेळी ते कापायला जातो, दर वेळी कात्री अगदी थोडक्यात हुकते आणि ते हुकणं सुद्धा बरोबर सुरावर पडतं. मग तो काय करतो, पट्ट्या काढून तिथे उंदराचा सापळाच बसवतो. पुढे एका ठिकाणी टॉम हात जेरीला पकडायला वापरतो आणि वाजवतो चक्क पायांनी, कार्यक्रम काही थांबत नाही. लहान मुलं इथे खदाखदा हसतात, आणि तुम्ही नीट बघत असाल तर लक्षात येईल की मार बसतो तो प्रत्येक वेळी संगीतात जागा आहे तिथेच बसतो, उगाच इकडे तिकडे एक पण नाही.

हे जमलं कारण यात आधी वाजवणं आणि मग चित्रं असा क्रम आहे. म्युझिक स्कॉट ब्रॅडलीचं. टॉमची बोटं बघा, नुसती वरखाली नाचवलेली नाहीत, पियानो शिकलेली माणसं पण हात कौतुकाने बघत बसतात. मूळ रचना पण अशा कामाला अगदी फिट आहे, आधी संथ, गंभीर, आणि नंतर वेग चढत चढत जाणारी, आपल्या विलंबित आणि द्रुतसारखी समजा. त्यामुळे भांडण आपोआप चढत जातं. मधेच जेरी हातोड्यांवर नाचतो तेव्हा धून बदलून एमजीएमच्याच एका सिनेमातलं रेल्वेवरचं गाणं वाजायला लागतं, ते मला फार आवडतं.

शेवटी जेरी चिडून हातोड्या मोडून हातात घेतो आणि तारांवर स्वतःच वाजवायला लागतो. संपलं असं वाटतं तर परत सुरू, परत सुरू, टॉमची पार दमछाक, तो कोसळतो आणि टाळ्यांना वाकून नमस्कार कोण करतं ते सांगत नाही, बघा तुम्ही.

अजून एक सांगतो. त्याच सुमारास वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओने बग्ज बनी या सशाचा 'ऱ्हॅप्सडी रॅबिट' काढला, १९४६ च्या शेवटी, तीच ऱ्हॅप्सडी, तोच पियानो, त्रास द्यायला तिथेही उंदीरच! दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर चोरीचे आरोप केले. ऑस्कर मात्र टॉमला मिळालं. मी दोन्ही बघितलेत आणि मला टॉमचाच भारी वाटतो, कारण बग्ज मधेच फोन उचलून बोलतो, प्रेक्षकांत कोणी खोकलं तर पिस्तूल काढतो, त्याला सगळं माफ आहे. टॉमच्या तोंडी एक शब्द नाही, जे काय करायचं ते वाजवता वाजवता. दोन्ही एकापाठोपाठ लावा, मोबाईलच्या स्पीकरवर नको, आवाज चांगला येईल अशा टीव्हीवर लावा.