मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेसाठी हापूसची बाग विकावी का?

देवगड तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्स झाली. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत पात्र ठरली, पण सरकारी कॉलेजातल्या एमबीबीएस किंवा बीडीएस (दातांच्या डॉक्टरची पदवी) यांच्या जवळ जाणारे गुण नाहीत. मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेवर, खासगी बीडीएसचा एकूण खर्च २८ लाख सांगितलाय. अर्धी बाग विकून १२ लाख, उरलेले १६ लाख कर्ज, असा बेत आहे. मुलीने बीएस्सी नर्सिंगची सीईटीही (राज्याची प्रवेश परीक्षा) दिली आहे आणि तिला ते चालणार आहे. 'पण लोक काय म्हणतील?' असं वडील विचारतात. उत्पन्न आठ लाखांच्या आत, जात ओबीसी.

दादा, बाग विकू नका.

आधी कर्जाचं बघू. दरवर्षी चार लाख याप्रमाणे चार वर्षं उचल आणि व्याज दहा टक्के धरलं. इंटर्नशिपसह पाच वर्षं आणि पुढचं हप्ता न भरण्याच्या सवलतीचं एक वर्ष धरून साधं व्याजच ७ लाख २० हजार होतं. म्हणजे फेडायला सुरुवात कराल तेव्हा डोक्यावर २३ लाख २० हजार असतील, आणि दहा वर्षं महिना साधारण ३०,७०० रुपये हप्ता. शिवाय साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते, म्हणजे उरलेली अर्धी बागही गहाण जाणार. मोहोर जळला, थ्रिप्स आला, अवकाळी पडला, तरी बँकेचा हप्ता थांबत नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं! आणि दाताचा दवाखाना काढायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, जागेचं भाडं. त्यासाठी पुन्हा भांडवल लागेल.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि माझ्या मते सगळा निर्णय तिच्यावरच आहे. जुलै २०२४पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजातही माफ, पण प्रवेश सीईटी सेलच्या कॅप फेरीतून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यात ही सवलत नाही, अभिमत विद्यापीठातही नाही. म्हणजे जी फी सरकार भरायला तयार आहे, ती तुम्ही कलमं विकून भरणार!

म्हणून बीडीएसच हवं असेल तरी ते कॅपमधून मिळतंय का बघा. तिथेच फिजिओथेरपीचे पर्यायही भरा. तो प्रवेशही नीटवरच होतो. आणि नर्सिंगच्या कॅपमध्ये मनापासून उतरा. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. शिक्षण शुल्क माफ झालं की उरतं वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तकं. महिना दहा हजार धरले तरी चार वर्षांत ४ लाख ८० हजार. एखाद्या वर्षी आंबा गेला तर चार लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज बिनतारण मिळतं. त्यालाही नको म्हणत असाल तर बाग एक-दोन हंगाम कराराने द्या. झाडं तुमचीच राहतात.

लोकांचं म्हणाल, तर एम्सच्या नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगारच सातव्या वेतन आयोगात ४४,९०० पासून सुरू होतो, भत्ते वेगळे. त्यासाठीची नॉरसेट ही भरती परीक्षा अवघड आहे, सगळ्यांना जमत नाही, आणि छोट्या खासगी रुग्णालयात सुरुवातीचा पगार कमीच असतो. हे मुलीला आधीच स्पष्ट सांगा. पण तो पगार कमी असला तरी त्यातून ३०,७०० चा हप्ता द्यायचा नसेल. शिकलेल्या पोरीला पहिली चार-पाच वर्षं मोकळी मिळणं फार मोलाचं आहे.

कॉलेज निवडताना इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता बघा, आणि मुलींना प्रत्यक्ष काम मिळेल असं चालतं रुग्णालय जोडलेलं आहे का, ते जाऊन बघा. मान्यता 'येणार आहे' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

या आठवड्यात तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढा आणि नॉन-क्रिमीलेअर दाखल्यासाठी (ओबीसीतल्या उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) अर्ज करा. जात पडताळणी झाली नसेल तर आजच अर्ज करा, कारण फी-माफी बहुतेकदा त्याच कागदावर अडते. बागेच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा. बयाणा घेतला असेल तर आधी वकिलाला कागद दाखवा.