तुझ्या पगाराचा ओटीपी पुण्याला कशाला जातोय?

आधी तुझं पत्र बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तू डोंबिवलीत राहतेस, वय 42, एका प्रायव्हेट शाळेच्या ऑफिसात नोकरी, हातात 29 हजार येतात. नवरा नऊ महिन्यांपूर्वी "मला थोडा वेळ हवाय" म्हणून पुण्याला गेला आणि आता परत यायचं नावच काढत नाही. मुलगी दहावीत. लग्नापासून पैशाचं सगळं तोच बघायचा, त्यामुळे आता लाईट बिल दोनदा लेट झालं, सोसायटीचा मेंटेनन्स थकलाय, क्लासची फी भरायला उशीर झाला म्हणून मुलगी रडली, आणि तू मला विचारतेस की ताई मला हिशोब जमत नाही, महिन्याचं बजेट कसं करायचं ते शिकवा.

आणि या सगळ्याच्या मध्ये, जाता जाता, तू एक वाक्य लिहिलंयस. "माझ्या पगाराच्या खात्याला त्याचाच नंबर आहे त्यामुळे ओटीपी त्याला जातात, पण मागितला की लगेच पाठवतो, कधी कधी जेवलीस का पण विचारतो, त्यामुळे तो त्रास नाही."

तो त्रास नाही? अगं, तुझ्या पत्रात दुसरा त्रासच नाहीये!

बजेटचं मी काहीही सांगणार नाही. तू शाळेच्या ऑफिसात फीच्या पावत्या फाडतेस, रोजचा कॅशचा हिशोब जुळवून मग घरी जातेस, तुलाच पत्रात लिहायचं सुचलं की चार वर्षात एकदाही रुपयाचा फरक आला नाही. हिशोब न जमणारी बाई अशी नसते. तुझी बिलं लेट का झाली ते तूच लिहिलंयस, फक्त तुझं तुला दिसलेलं नाही. पहिल्यांदा लाईट बिल राहिलं कारण "तो मीटिंगमध्ये होता", दुसऱ्यांदा राहिलं कारण "तो गाडी चालवत होता आणि नंतर मला परत विचारायला बरं वाटेना". क्लासची फी राहिली कारण रविवार होता आणि त्याने फोन उचलला नाही. पैसे तुझ्या खात्यात होते! तिन्ही वेळेला होते. म्हणजे तुझा स्वतःचा, तू कमावलेला पैसा, तुझ्या मुलीच्या क्लासला द्यायला तू पुण्याच्या एका माणसाचा मूड आणि वेळ बघत बसलीस.

आता मला जे वाटतं ते सरळ लिहिते, राग आला तरी चालेल. नऊ महिने झाले, बँक तुझ्या स्टेशनच्या रस्त्यावर आहे, नंबर बदलायचा फॉर्म एका पानाचा असतो, आणि तू तो भरलेला नाहीस. तुला माहीत नव्हतं असं मी मानणार नाही, शाळेतल्या बायकांना तूच केवायसीचे फॉर्म भरून देतेस असं लिहिलंयस. तू तो भरला नाहीस कारण ओटीपी मागितला की तो उत्तर देतो. बाकी कशाला देत नाही. "परत कधी येणार" ला दिलं नाही, "मुलीच्या प्रिलिमला तरी येऊन जा" ला दिलं नाही, पण सहा आकडे मात्र लगेच येतात आणि त्याच्यासोबत कधी कधी जेवलीस का. त्या जेवलीस का साठी तू नऊ महिने खात्यावर त्याचा नंबर ठेवलायस. हे वाचून मला तुझ्यासाठी फार वाईट वाटलं, खरंच, आणि इतकी वर्षं सोबत काढल्यावर हे होणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्याची आठवण येते तर येऊ दे, बोलावंसं वाटलं तर फोन कर, रडावंसं वाटलं तर रड. पण ते बँकेच्या खात्यातून नको.

कारण त्या नंबरचा अर्थ काय होतो ते बघ. तू एटीएममधून दोन हजार काढलेस, त्याला मेसेज. मेडिकलमध्ये कार्ड स्वाइप केलंस, त्याला मेसेज. पगार जमा झाला, त्याला तुझ्या आधी मेसेज. तू स्वतःचं युपीआय आजपर्यंत चालू करू शकली नाहीस ते "जमत नाही" म्हणून नाही, युपीआयला बँकेत नोंदवलेला नंबर ज्या सिमचा आहे ते सिम त्याच फोनमध्ये लागतं आणि ते सिम त्याच्या खिशात आहे. नेटबँकिंगचा पासवर्ड विसरलीस तर तो रिसेट करायचा ओटीपी पण त्यालाच. तो चोरी करेल असं मी म्हणत नाहीये, मी त्याला ओळखत नाही. पण उद्या तू वकिलाची फी ऑनलाइन भरलीस तर सगळ्यात आधी कोणाला कळेल सांग?

आणि वकिलाचं निघालंच म्हणून हेही सांगते. पोटगीचा विषय कोर्टात गेला तर सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या निकालापासून दोघांनाही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागतं. आज परिस्थिती अशी आहे की तुझ्या खात्यातली एकूण एक एन्ट्री त्याच्या इनबॉक्समध्ये पडून आहे आणि त्याचा पगार आता किती झालाय हे तुला माहीत नाही, तूच लिहिलंस "बहुतेक वाढला असेल". वकील परवडणार नाही असंही लिहिलंयस, तर 1987 च्या कायद्यानुसार कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारकडून मोफत वकील मिळतो, ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. त्यांचे फोन तुझ्याच नंबरवर येऊ देत.

तेव्हा एकच काम. या सोमवारी शाळेत हाफ डे टाक आणि ब्रँचला जा. आधार, पॅन, पासबुक ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही ने. ऑनलाइन नंबर बदलायला गेलीस की जुन्या नंबरवर ओटीपी मागतात आणि तिथेच तू परत त्याला मेसेज करशील, म्हणून ऑनलाइन करूच नको, स्वतः काउंटरला जाऊन उभी राहा. समोर तू आणि तुझी ओरिजिनल कागदपत्रं असली की जुन्या फोनची गरज पडत नाही. कोणी म्हणालं "मिस्टरांना घेऊन या" तर शांतपणे सांग की खातं माझ्या एकटीच्या नावावर आहे, आणि तरी ऐकलं नाही तर मॅनेजरच्या केबिनमध्ये जा आणि अर्ज लेखी देऊन पोच घे. तिथेच ईमेल आयडी कोणाचा आहे बघ, तो पण त्याचाच असणार. नॉमिनी पण विचार.

जायच्या आधी घरी एक गोष्ट तपास, तू आत्ता वापरतेस ते सिम कोणाच्या नावावर आहे. त्याच्या फॅमिली पोस्टपेडमध्ये तू असशील (मला दाट शंका आहे की आहेस) तर आधी स्वतःच्या आधारवर नवीन सिम घे, साधं प्रीपेड, आणि तो नंबर बँकेत दे. नाहीतर सगळं करून परत चावी त्याच्याकडेच राहील.

एकदा बँकेचा नंबर तुझा झाला की बाकीच्या जागा आपोआप दिसायला लागतील. तू गॅसचं लिहिलंयस की सिलेंडरवाला दारात उभा असतो आणि तू डिलिव्हरीचा कोड विचारायला पुण्याला फोन लावतेस. एजन्सीत गॅसबुक घेऊन जाऊन नंबर बदलता येतो, कनेक्शन त्याच्या नावावरून तुझ्या नावावर करायचं ते नंतर बघू. महावितरणकडे तर ग्राहक क्रमांकाला फक्त आपला मोबाईल नोंदवायचा असतो. त्यांचा माणूस लाईट कापायला आला तेव्हा तू घाबरलीस, साहजिक आहे, पण वीज कायद्यात 15 दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी लाईट कापता येत नाही. ती सूचना मेसेजवर आली असेल तर कुठे गेली असेल? आणि त्याने ती तुला फॉरवर्ड केली होती का? हे त्याला विचारू नकोस, फक्त स्वतःशी नोंद घे.

त्याला आधी सांगू का, असं तू विचारशील. नको. परवानगी मागितल्यासारखं होईल आणि तो "कशाला, मी पाठवतो ना" म्हणेल आणि तू विरघळशील. झाल्यावरही कळवायची गरज नाही, मेसेज यायचे बंद झाले की त्याला कळेलच. त्याने "नंबर का बदललास" म्हणून फोन केला तर "माझं खातं आहे म्हणून", एवढंच. आणि त्यानंतर त्याचे मेसेज येणंच बंद झालं तर... ते फार लागेल तुला, मला माहीत आहे. त्या दिवशी बहिणीकडे जा, बदलापूरला आहे ना ती, एकटी घरात बसू नकोस.

फ्लॅटच्या कर्जावर तुझी पण सही आहे आणि "हप्ते तो भरतो म्हणे" असं लिहिलंयस, त्या म्हणे वर मला बरंच बोलायचंय. तुझी सही आहे म्हणजे त्याने भरलं नाही तर बँक पूर्ण हप्ता तुझ्याकडे मागू शकते आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा रेकॉर्ड, तुझा पण खराब होतो. तो रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट बघता येतो, पण त्यालाही ओटीपी लागतो. म्हणून आधी सोमवारचं काम. नंबर बदलल्याचा बँकेचा पहिला मेसेज तुझ्या फोनवर आला की मला लिही, मग होमलोनच्या ब्रँचला काय पत्र द्यायचं ते मी तुला सांगते.