डबल बेल

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवल्यापासून एकच वाक्य डोक्यात घोळतंय: "बाई, बाबांना कंपवात निघाला आणि घरात हसायचीच चोरी झालीय." भाच्याच्या खोडीवर तू खळखळून हसलास आणि बाबांकडे बघून ओशाळलास म्हणे. तू २३ वर्षांचा, मी ७४ची. आमच्याकडे हा आजार ११ वर्षं मुक्कामाला आहे, म्हणून लिहितेय.

आधी बाबांच्या चेहऱ्याचं. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनमध्ये, मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं, स्नायू आखडतात, तसे चेहऱ्याचेही. हसू आत फुटतं, पण ओठांवर येत नाही. यांचा तो कोरा चेहरा बघून पहिलं वर्षभर मी समजले, यांना आता कशातच रस उरला नाही. मग मीही बोलेनाशी झाले. त्या वर्षाची हळहळ अजून वाटते. पुढे लक्षात आलं, हे हसले की यांचे खांदे हलतात. तूही खांदे बघ, डोळे बघ. (मात्र या आजारात खरी उदासीही येते. बाबांचं जेवणावरचं, माणसांवरचं मन उडालं तर 'वयच झालं' म्हणून सोडून देऊ नकोस, डॉक्टरांच्या कानावर घाल.)

यांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. एका सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी यांचे पाय जमिनीला चिकटले. कंपवातात दारात, अरुंद जागी असं होतं. ओढलं तर तोल जातो, म्हणून मी नुसती उभी. हातात फुलपात्र आणि चमचा. काय सुचलं कोण जाणे, चमचा दोनदा वाजवला: टिंग टिंग! पाऊल सुटलं. हे आत आले आणि त्या बारीक झालेल्या आवाजात पुटपुटले, "पुढे सरका, पुढे सरका." मी ओट्याला धरून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, आणि यांचे खांदे गदगदा हलत होते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी नंतर सांगितलं, ठेका मिळाला की अडकलेलं पाऊल सुटायला मदत होते. कुणी एक-दोन मोजतं, कुणी फरशीवर पट्ट्या चिकटवतं. आमच्याकडे बेल वाजते.

एक पथ्य पाळ. चहा सांडला, बटण लागेना, तर आपण आधी हसायचं नाही. सुरुवात त्यांनी करायची. त्यांनी केली की मग हातचं राखून हसायचं नाही. तोंडात घास असताना मात्र गंमत नको, ठसका लागतो. आणि गोळी लागू झाली की जो बरा वेळ मिळतो, तो सगळा अंघोळ आणि बँकेच्या कामांत घालवू नका. त्यातला थोडा पत्त्यांना, गच्चीवरच्या उन्हाला ठेवा.

आईलाही रोज तासभर मोकळं कर. डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली मुंबईत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, तसाच एक आमच्या बागेत भरतो. शेजारच्या वहिनींना यांच्यापाशी बसवून तिथे जाताना सुरुवातीला माझा पाय निघत नसे. आता साडेसहा वाजले की हेच माझ्या चपलांकडे बोट दाखवतात.

रविवारी बाबांना घेऊन ये. दारावरची बेल दोनदा वाजव. उघडायला हेच येतील.

तुझ्या बाई